मिसरीची पुडी आणि कोयता



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीडच्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या कारखान्याकडं निघतात. तवा राहिला तर चालतं, पण मिसरीची पुडी राहिली तर बाई माघारी फिरते, असं आमच्या गटातल्या बायका हसत सांगतात.

‘मिसरी सोडा’ हे भाषण तुम्ही पुष्कळ ऐकलंय. ती सुटत का नाही, ते आज बोलू या.

कोयत्यावरची बाई पहाटे तीन-चारला उठते. चूल, भाकरी, पाणी, आणि उजाडायच्या आत फडात. दिवसभर मोळ्या बांधायच्या, ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, मग ताप असो नाहीतर पाळी. मिसरी लावली की भूक मरते, डोळ्यांवरची झोप उडते. म्हणजे तंबाखू हे इथं कामाचंच हत्यार झालंय. गड्यांची दारू तशीच, अंगदुखीवरची. तिला नुसती हौस म्हणणाऱ्यानं एक दिवस मोळी उचलून बघावी. अर्थात, म्हणून घरी येऊन बायकोवर हात उचलायची मोकळीक कुणाला मिळत नाही, हेही सांगून ठेवतो.

फडात संडास नाही, म्हणून बायका पाणीच कमी पितात. मग लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणं, त्यावर दुकानातली गोळी, तीही उपाशीपोटी. तिनं पोटाला जखमा होतात, किडनीवर ताण येतो. आणि दुखणं वाढलं की पिशवीच काढून टाकायची! २०१९ साली सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती आपल्याच जिल्ह्यातल्या या ऑपरेशनांसाठी. पिशवी काढली की पाळीचा खाडा वाचतो, हा हिशोब बाईच्या डोक्यात कुणी घातला?

आम्ही गटातून एवढंच धरलंय, की उचल कमी घ्यावी लागावी. दवाखाना, बियाणं, लेकराची फी यांना गटाचं कर्ज असलं, तर मुकादमाकडं हात कमी पसरावा लागतो. उचल कमी, तर आजारपणात ‘आज येत नाही’ म्हणायला थोडं बळ येतं.

मिसरी एकदम सुटत नसेल तर आधी वेळा मोजा. पदराला फुटाणे, गूळ-शेंगदाणे बांधा, पहिली मिसरी तासभर पुढं ढकला. पोटुशी असाल तर मात्र उशीर नको, बाळ कमी वजनाचं होतं. तोंडात पांढरा चट्टा असेल, तीन बोटं मावतील एवढं तोंड उघडत नसेल, तर दवाखाना गाठा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन फुकट आहे, दारूसाठी १४४४६.

टोळ्या निघायच्या आधी गटाच्या बैठकीला या. नर्सताई तोंड तपासणार आहेत. येताना पुडी लपवू नका, आम्हालाही वास कळतो.