अपघातग्रस्त विमान वाचायला शिकताना

विमान अपघाताचा तपास सरकारी अधिकारी एकटे करत नाहीत. अमेरिकेत राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ नेतृत्व करते. विमान कंपनी, उत्पादक आणि वैमानिकांच्या संघटना आपापले जाणकार देतात. वकील आणि विमा कंपन्यांच्या प्रतिनिधींना त्यात स्थान नाही, आणि ते योग्यच आहे. तपास कारण शोधण्यासाठी असतो, भरपाई ठरवण्यासाठी नव्हे.

पण उत्तम वैमानिक किंवा अभियंता आपोआप तपासनीस होत नाही. त्यासाठी मंडळाचे प्रशिक्षण केंद्र व्हर्जिनियातील ॲशबर्नला होते. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ समुद्रात कोसळलेल्या, २३० जणांचा बळी घेणाऱ्या टीडब्ल्यूए ८०० या बोइंग ७४७ विमानाचा सुमारे ९३ फुटांचा भाग तुकडे जुळवून तिथे उभा केला होता. अशा अवशेषांत पत्रा कोणत्या बाजूला वाकला, हे बारकाईने पाहावे लागते. तुटलेल्या कडेवरच काजळी असेल, तर आग बहुधा तुटल्यानंतरची. या विमानाच्या मधल्या इंधन टाकीत स्फोट झाला होता.

त्रिमितीय स्कॅनिंग आणि ड्रोनचित्रणामुळे अशा सांगाड्याची गरज कमी झाली आणि २०२१ मध्ये त्याचा वापर थांबला. मृतांच्या कुटुंबांना दिलेल्या शब्दानुसार तो प्रदर्शनात कधीच ठेवला गेला नाही.