कुरवांना शेव नको

नाताळच्या सुट्टीत आपली मुले वाशीच्या खाडीकाठी कुरवांना शेव-गाठ्या टाकतात. यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडून येतात. मासे, झिंगे, किडे हे त्यांचे अन्न. तेला-मिठाचे तळण त्यांना मानवत नाही, आणि आयते मिळाले की ते माणसांच्या हातांकडेच पाहत बसतात. दया खरी, पण शेव नको. त्यांच्यासाठी खाडी स्वच्छ राहू द्या, कांदळवन राहू द्या.

चिमण्यांना मात्र खिडकीत मूठभर बाजरी किंवा कण्या आणि उथळ परळात पाणी जरूर ठेवा. पाणी रोज बदला.

यंदाचे शेवेचे पैसे पाड्यांवरच्या मुलांच्या स्वेटरसाठी द्या. कर्जतकडे पहाटे थंडी बोचते. डबा दाराशी ठेवला आहे.