घरबसल्या व्यसनोपचाराचं उच्चशिक्षण

लंडनचं किंग्ज कॉलेज, ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड विद्यापीठ आणि अमेरिकेतलं व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ यांनी एकत्र येऊन व्यसनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. तीन खंडांतले प्राध्यापक एकाच वर्गाला शिकवू लागले.

यात शिकायचं काय? आधी मेंदू. तलफ मनाच्या दुबळेपणातून येत नाही, हे इथं नीट उमगतं. मग औषधं: अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन का देतात, रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन जिवावर का बेतू शकतं. आणि संवाद. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेल्या मुलाखतपद्धतीत समुपदेशक उपदेश करत नाही. बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे व्यसनी माणसाच्या वाट्याला उपदेशच फार येतो.

मात्र समोर बसलेल्या माणसाचे थरथरते हात पडद्यावर शिकता येत नाहीत. त्यासाठी पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातला अनुभव हवाच.

प्रवेश घेण्यापूर्वी एक तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२५ पासून मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी अभ्यासक्रम थांबवले आहेत. त्यामुळे अशी परदेशी पदवी घेणार असाल, तर तिला भारतात मान्यता मिळेल का, हे शुल्क भरण्याआधी विचारा.

आणि घरात कुणाला आज मदत हवी असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइन आहे: १४४४६.