बेंप्टनचा कडा

आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथे यॉर्कशायर भागात बेंप्टन नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर शेतं संपतात तिथे पांढऱ्या खडूच्या दगडाचा उभा कडा आहे, साधारण 100 मीटर उंच, आणि खाली थेट समुद्र. उन्हाळ्यात या कड्यावर लाखो समुद्रपक्षी पिल्लं वाढवतात. गॅनेट, पफिन, किटिवेक, गिलमॉट. गिलमॉट तर घरटंसुद्धा बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालते, आणि प्रत्येकीच्या अंड्याचा रंग-नक्षी वेगळी.

पूर्वी गावातले पुरुष दोराने कड्यावरून खाली उतरून ही अंडी काढत. एक जण लोंबकळायचा, बाकीचे वर दोर धरायचे. जिवावरचं काम. अंडी खायला जात, विकली जात. पोटासाठी हे करणाऱ्यांना नावं ठेवणं आम्हाला जमत नाही.

खरा घात केला तो हौसेने. शहरातले लोक बोटी करून यायचे आणि पिल्लांना भरवणारे पक्षी गंमत म्हणून बंदुकीने पाडायचे. किटिवेकचे पंख बायकांच्या टोप्यांवर लावायला जात. आई-बाप मेले की पिल्लं कड्यावर उपाशी मरत. शेवटी 1869 साली विणीच्या काळात समुद्रपक्षी मारायला बंदी करणारा कायदा झाला. दर्यावर्दींनाही तो हवा होता, कारण धुक्यात पक्ष्यांच्या कलकलाटावरून कडा जवळ आल्याचं कळायचं.

पण टोप्यांची हौस सुटली नाही. आपल्याकडच्या बगळ्यांची पिसंसुद्धा लंडनच्या बाजारात जात. मग 1889 साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी बायकांचा एक गट जमवला. नियम साधा, पिसांची टोपी घालायची नाही. लंडनच्या बाजूला आणखी एक असाच गट होता, दोन्ही एक झाले. पिसांची आयात थांबवणारा कायदा यायला मात्र 1921 साल उजाडलं. म्हणजे 32 वर्षं! त्यांना त्या काळात काय काय ऐकावं लागलं असेल, हे गट चालवणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

बेंप्टनची अंडी काढणं 1954 च्या कायद्याने बंद झालं. आज त्या बायकांनी उभी केलेली संस्थाच हा कडा सांभाळते, आणि लोक दुर्बिणी घेऊन येतात.

जुलैच्या सुमारास तिन्हीसांजेला यावं म्हणतात. गिलमॉटचं पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं असतं, उडता येत नाही. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. पिल्लू कड्यावरून उडी टाकतं, आणि दोघं पोहत समुद्रात लांब जातात. पुढचे कित्येक आठवडे त्याला भरवतो तो बापच.