झाडं मोजली, माती कुणी मोजायची?

आजच्या भागात पाहुणा कुणी नाही, मीच बोलणार आहे. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न तुम्ही फिरून फिरून विचारलात : "आमच्या नव्या इमारतीत बिल्डरनं किती झाडं लावायला हवी होती?" या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत संपतं. पण ते दिल्यावर मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तिला जरा वेळ लागेल.

आधी उत्तर. आपण मुंबईपुरतं बोलू, कारण माझं सगळं काम तिथलं. १९९१ची विकास नियंत्रण नियमावली होती तिच्यात हिशेब असा : भूखंड हजार चौरस मीटरच्या वर गेला की त्यातली काही जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडायची. अडीच हजारापर्यंत १५ टक्के, दहा हजारापर्यंत २० टक्के, त्यापुढे २५ टक्के. आणि या मोकळ्या जागेच्या दर १०० चौरस मीटरला ५ झाडं. छोटा भूखंड, ज्याला लेआउट लागत नाही, तिथं दर ८० चौरस मीटरला १ झाड. म्हणजे ४,००० चौरस मीटरचा प्लॉट घेतला तर मोकळी जागा ८०० चौरस मीटर आणि झाडं ४०. झालं उत्तर.

आता कबुली. ही चाळीस झाडं मी लावलेली आहेत.

माझा धंदा बागांचा. २००९ साली उपनगरातल्या एका टॉवरचं काम मला मिळालं. तोवर मी बंगल्यांची लॉन करायचो, त्यामुळे हे काम म्हणजे माझ्यासाठी लॉटरीच. प्लॉट साधारण चार हजारांचा. जुनी चाळ पाडून तीन मजल्यांचं पार्किंग केलेलं, त्याच्या डोक्यावर पोडियम, आणि बाग त्या पोडियमवर. खाली जमिनीवर उरला होता तो गाड्यांचा रस्ता, त्यावर पेव्हर ब्लॉक.

फेब्रुवारीच्या शेवटी साइटवरून फोन आला. "पंधरा दिवसांत चाळीस झाडं उभी पाहिजेत. ओसी अडकलीय." भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी झाडं मोजली जातात, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मी पोडियमवर गेलो, फावडं घातलं. दीड-दोन फुटांवर खट्ट. खाली वॉटरप्रूफिंगचा थर, त्याखाली स्लॅब.

मी इंजिनिअरला म्हटलं, "साहेब, यात झाड नाही जगणार." तो म्हणाला, "माती वाढवू शकत नाही, वजन वाढतं." आणि त्याचंही खोटं नव्हतं. ओली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. ८०० चौरस मीटरवर मीटरभर माती घातली तर चौदाशे टनांच्या पुढेच जाते. ते वजन पहिल्या दिवशी, नकाशा काढताना धरावं लागतं. इमारत उभी राहिल्यावर बागवाल्याला बोलावून उपयोग नाही.

मग मी काय केलं? नर्सरीतून दहा-बारा फुटी गुलमोहर, रेन ट्री आणि शाही पाम आणले. उंच दिसतात, फोटोत छान येतात. आणि त्यातली अकरा झाडं मी पिशवीसकट पुरली. पिशवी फाडलीच नाही. का, तर तपासणी झाली की ती उपटून पुढच्या साइटवर न्यायची. या लाइनमध्ये अशी झाडं फिरती असतात, हे मला माझ्या मुकादमानं शिकवलं होतं आणि मी शिकलो होतो.

तपासणीला माणूस आला. त्यानं एक ते चाळीस मोजलं, नोंद केली, चहा घेतला, गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या कागदावर झाडांच्या संख्येचा रकाना होता, मातीच्या खोलीचा नव्हता. गंमत म्हणजे ती अकरा झाडं न्यायला मला पुढं वेळच मिळाला नाही. ती तिथंच राहिली. मी बिल लावलं आणि विसरून गेलो.

सहा वर्षांनी, जुलैमध्ये, त्याच सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. रात्री वारा-पाऊस झाला होता आणि पोडियमवरचा एक रेन ट्री आडवा पडला होता. मुलांच्या घसरगुंडीवर. पहाटेची वेळ होती म्हणून तिथं कुणी नव्हतं. संध्याकाळी सहाला पडला असता तर मी आज तुमच्याशी हे बोलू शकलो नसतो.

मी गेलो तेव्हा झाडाचा बुंधा वर आला होता. मुळांचा गोळा बादलीएवढा, गोल गरगरीत. त्याला काळ्या पिशवीच्या चिंध्या तशाच चिकटलेल्या. मुळं आतल्या आत गोल गोल फिरली होती, चार बाहेर आली ती स्लॅबवर सपाट पसरलेली. वर वीस फुटांचं झाड आणि खाली बादलीभर आधार. शेजारी एक आजी छत्री घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हीच लावलं होतंत ना हे? किती सुंदर सावली होती." बस्स, एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आवारात फाटकाजवळ एक जुनं जांभळाचं झाड आहे. चाळीच्या काळातलं. आर्किटेक्टनं ते वाचवायला फाटक आठ-दहा फूट सरकवलं होतं आणि तेवढा कोपरा खणायचा सोडला होता. त्या रात्रीच्या वाऱ्यात जांभळाची दोन डहाळ्या नि थोडी पानं पडली, बाकी काही नाही. वारा तोच, पाऊस तोच. एकाखाली जमीन होती, दुसऱ्याखाली पार्किंग.

तेव्हापासून मी या विषयातले निर्णय वाचू लागलो. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं होतं, की नियमानं सोडायची मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर बाग करायची तर ती जास्तीची. पुढे २०१८मध्ये नवी नियमावली आली आणि अटींसह काही भाग पोडियमवर घ्यायला वाट मिळाली. म्हणजे भांडण झाडांच्या आकड्यावर नाहीच. भांडण आहे ते झाडाखाली काय असावं यावर.

झाडतोडीच्या कायद्याचंही तेच. आपल्याकडे १९७५चा शहरी वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची, असंही आलं. सात वर्षांची अट मला फार शहाणपणाची वाटते. मी लावलेलं झाड सहाव्या वर्षी पडलं, हे लक्षात घ्या. पण समजा ते जांभूळ साठ वर्षांचं धरलं, तर त्याच्या बदल्यात साठ रोपं. ती साठ रोपं लावायची कुठं? पुन्हा दीड फूट मातीत?

म्हणून घर बघायला जाल तेव्हा किंवा सोसायटी ताब्यात घ्याल तेव्हा "झाडं किती" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे विचारा.

पहिलं : मंजूर नकाशात खालून बांधकाम नसलेली जमीन कुठं आहे? तळघर नाही, टाकी नाही, नुसती माती. मोठी झाडं तिथंच येतील.

दुसरं : पोडियमवर मातीची खोली किती? दीड-दोन फुटांत झुडपं नि वेली लावा, छान होतात. मध्यम झाडाला निदान साडेतीन-चार फूट हवेत, आणि तेवढ्या वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरनं धरलाय का, ते लेखी मागा.

तिसरं : झाडं कुठली? बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, सीता अशोक ही आपल्या मातीतली, आपल्या पावसाची झाडं आहेत. सावकाश वाढतात, पण टिकतात. चाळीस पाम म्हणजे चाळीस खांब. त्यांच्या सावलीत बसायला कोण जाणार?

चौथं : बुंध्याभोवती माती मोकळी आहे का? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक थेट सालीला चिकटवतात.

आणि पाचवं बिल्डरमंडळींसाठी, कारण तीही हा कार्यक्रम ऐकतात असं मला कळलंय. झाडं शेवटी लावू नका. इमारत कागदावर संपते मार्चमध्ये, झाडाचं वर्ष सुरू होतं मृगात. काम सुरू झालं की ज्या कडेला खणायचं नाही तिथं पहिल्याच पावसाळ्यात रोपं लावा आणि कुंपण घाला. तीन पावसाळे काढलेलं पाच फुटी झाड हे मार्चमध्ये आणलेल्या बारा फुटीपेक्षा केव्हाही भरवशाचं. आणि देवा शप्पथ, पिशवी फाडा.

त्या सोसायटीचं काय झालं, ते सांगून थांबतो. उरलेल्या दहा झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज केला. परवानगी आल्यावर ती काढली. जांभळाच्या बाजूला, खऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, पेव्हर ब्लॉक उचलून जेमतेम सात झाडांची जागा निघाली. दोन ताम्हण, दोन बकुळ, तीन बहावा. खड्डे मी स्वतः उभं राहून खणून घेतले. पैसे घेतले नाहीत. पण ते काही पुण्य नव्हे, जुनं बिल परत केलं, एवढंच.

गेल्या मे महिन्यात आजींनी फोटो पाठवला. एक बहावा फुललाय. दहा जागी सात, आकडा काही जुळला नाही. पण सातही उभी आहेत.

तुमच्या आवारातल्या झाडाखाली काय आहे, ते एकदा बघा आणि मला कळवा. माती असेल तरी कळवा, नसेल तरी कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.