सुईदोऱ्याचा छंद

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवस्थापक मंडळीनें आम्हांस चित्रकलेवर बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु चित्रकलेवर बोलावयाचें म्हणजे चित्रें दाखवावयास हवींत, आणि आमचीं चित्रें कांहीं अशीं मोठीं नाहींत कीं ज्युबिलीच्या दिवशीं त्यांच्यापुढें आपणांस बसवून ठेवावें. म्हणून ज्या गोष्टी आम्ही रोज करतों, व ज्यांस आमच्या घरांत 'पसारा' या एकाच नांवानें ओळखतात, त्यांविषयींच चार शब्द बोलण्याची परवानगी आम्हीं मागून घेतली.

पसारा थोडक्यांत असा. सकाळचा चहा होण्यापूर्वीं अर्धा तास आम्ही जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर समोर दिसेल तें रेखाटतों. केळफूल, विळी, बावखलाच्या कांठचें गवत. दुपारीं चिंध्या, बटणें व नाड्या यांची वर्गवारी. रात्रीं जेवण झाल्यावर निसर्गाविषयींचा एखादा माहितीपट पाहतों. आणि वर्षांतून दोन-तीन वेळां, नाटक जवळ आलें कीं, पात्रांचे वेष शिवतों. पहिले तीन छंद या चौथ्याचे चाकर आहेत, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

शिवणकामांत आम्हांस गुरु कोण, असें कुणी विचारल्यास आम्ही शिंपी पक्ष्याचें नांव सांगूं. आपल्या वाड्यांत त्याचा आवाज सर्वांनीं ऐकला आहे. त्याला पाहिलें आहे फार थोड्यांनीं. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, माथा तांबूस, शेपटी उभारलेली, आणि देहाच्या मानानें आवाज अवास्तव मोठा. याची मादी एखादें रुंद पान निवडते, त्याच्या कडांना चोंचीनें बारीक भोंकें पाडते, आणि त्यांतून कापसाचा तंतु किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढून पानाची पिशवी करते. ती गांठ मारते असें पुष्कळांस वाटतें, पण तसें नाहीं. भोंकांतून बाहेर आलेलें तंतूचें टोक पिंजून फुगतें व तेंच तेथें अडकून राहतें. प्रत्येक टांका स्वतंत्र. मुख्य गोष्ट ही कीं ती पान तोडीत नाहीं. पान झाडावरच हिरवें राहतें आणि त्याच्या आंत पिलें वाढतात. ही गोष्ट आम्हीं लहानपणींच लक्षांत घ्यावयास हवी होती. कां, तें पुढें सांगतों.

आतां माहितीपटांविषयीं. बी. बी. सी. च्या २००६ सालच्या 'प्लॅनेट अर्थ' या मालिकेंत न्यू गिनीच्या अरण्यांतील स्वर्गीय पक्षी आहेत. त्यांतील एक नर आपला काळा पिसारा डोक्याभोंवतीं ढालीसारखा उभारतो, आणि त्या काळ्यावर निळ्या-हिरव्या रंगाचा पट्टा असा कांहीं पेटतो कीं पाहणारा थक्क व्हावा. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, या पक्ष्यांच्या कांहीं जातींचीं काळीं पिसें त्यांवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकीं ९९.९५ टक्क्यांपर्यंत प्रकाश गिळून टाकतात. पिसांची सूक्ष्म रचनाच तशी उभी व कांटेरी असते. त्या सुमारास आम्ही तीन राजांचे अंगरखे शिवीत होतों. जर, टिकल्या, चकाकणारें कापड, जें जें हातीं आलें तें लावलें. पण रंगभूमीवर दिवे लागतांच सारें सारखेंच पांढरें दिसूं लागलें. मग आम्हीं निम्मी जर उसवली आणि निळ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस काळी मखमल लावली. मखमलीचे तंतु उभे असल्यामुळें प्रकाश त्यांत अडकतो. शेवटच्या बांकावरून पाहणाऱ्यांनीं विचारलें, हें निळें कापड कोठून आणलें? कापड तेंच होतें.

या चित्रपटांवर आंधळा विश्वास मात्र ठेवूं नये. पडद्यावर खेकड्याच्या पावलांचा जो आवाज ऐकूं येतो, तो पुष्कळदां मागाहून जोडलेला असतो. पण आम्ही नाटकवालेही खोट्या दाढ्या लावतोंच. तेव्हां फार बोलावयास नको. उलट, कोळीवाड्यांतील मंडळींस ठाऊक असेल, माईक पांडे यांच्या २००० सालच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटांत गुजरातच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कची शिकार दाखविली गेली, आणि २००१ सालीं त्या माशास कायद्याचें संरक्षण मिळालें. नुसतें पाहणें म्हणजे आळस, असें म्हणणाऱ्यांस आम्ही हें उदाहरण देतों.

परंतु आमच्या मनांत जो घर करून राहिला तो 'माय ऑक्टोपस टीचर', २०२० चा. क्रेग फॉस्टर हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेंत केप टाउनजवळच्या थंड समुद्रांत, उंच शेवाळाच्या वनांत, रोज उतरूं लागले, आणि एका ऑक्टोपसचा दिनक्रम त्यांनीं टिपला. एका प्रसंगीं शार्क अंगावर येतो. पळण्यास वाव नाहीं. तेव्हां ती ऑक्टोपस-मादी तळावरचे शिंपले भराभर उचलून हातांवरील वाट्यांसारख्या चकत्यांनीं अंगाभोंवतीं धरते आणि स्वतःचाच एक गोळा करून बसते. आम्हीं तो प्रसंग पुन्हां पुन्हां पाहिला. वेष याहून निराळा तो काय असतो? काम झाल्यावर ती हात सोडते, शिंपले तळाला पडतात, आणि ते होते तसेच अखंड असतात. समुद्रांत स्वतःस सजविणारे खेकडेही आहेत. त्यांच्या कवचावर आंकड्यांसारखे केस असतात व त्यांत ते शेवाळ अन् स्पंज अडकवितात. कात टाकल्यावर त्यांच्या कांहीं जाती जुन्या कवचावरील साज उतरवून नव्यावर चढवितात.

अखंड हा शब्द उच्चारला कीं आम्हांस आमच्या आजीचें लुगडें आठवतें.

चाळीस वर्षांपूर्वीं, शाळेंत असतांना, आम्हीं नाताळच्या नाटकासाठीं एका राजाचा झगा शिवावयाचें पत्करलें. कापडास पैसे नव्हते. पेटींत आजीचें लाल चौकड्यांचें नऊवारी लुगडें होतें, आणि आम्हीं तें तिला न विचारतां कापलें. झगा सुंदर झाला, टाळ्या पडल्या. आजी पहिल्या रांगेंत बसली होती. घरीं आल्यावर तिनें झग्याची खालची किनार दोन बोटांत धरली व एवढेंच म्हटलें, "अरे, कांठ तरी राखायचे होतेस." झगा नाटकाच्या सामानांत गेला, दोन पावसाळे ओलींत राहिला, आणि उरलें तें कसरीनें खाल्लें. तसें विणलेलें लुगडें पुढें आम्हांस कोठेंही मिळालें नाहीं. आजीनें तो विषय पुन्हां काढला नाहीं, हें अधिक वाईट.

यंदा ज्युबिलीच्या नाटकांत जुन्या काळच्या लग्नाचा प्रवेश आहे. त्यासाठीं घराघरांतून आठ लुगडीं आलीं. मुलींनीं सुचविलें कीं, नऊवार नेसण्यास वेळ फार लागतो, तीं कापून शिवून घेऊं, म्हणजे परकराप्रमाणें चढवितां येतील. सूचना व्यवहारी होती. बाजारांत तशीं शिवलेलीं मिळतात. आम्हीं हात जोडले. मग असें ठरलें कीं, आंत नाड्यांचा जाड सुती चोळणा घालावा, त्यावर लुगड्याच्या निऱ्या व ओचा बसवून सैल धांवदोऱ्यानें टांचावा, आणि प्रयोग संपतांच दोरा ओढून काढावा. टांचणी वापरूं नये; ती गंजते व डाग जात नाहीं. शिंपी पक्ष्याचें पान आणि ऑक्टोपसचे शिंपले आम्हांस येथें उपयोगी पडले.

तथापि एका मुलीनें आम्हांस पेंचांत टाकलें. ती म्हणाली, "सर, पेटींत ठेवून तरी काय होणार? तेथेंही कसरच खाणार ना?"

आमच्याजवळ लगेच उत्तर नव्हतें. घरीं जातांना भानू अथैया यांची आठवण झाली. १९२९ सालीं कोल्हापुरास जन्मलेल्या, जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या, चित्रकार म्हणून १९५३ सालीं प्रोग्रेसिव्ह मंडळाच्या कलावंतांसमवेत प्रदर्शनांत भाग घेतलेल्या या बाई पुढें वेषभूषेकडे वळल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना १९८३ सालीं ऑस्कर मिळालें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ सालीं त्यांनीं ती मूर्ति सुरक्षित राहावी म्हणून अमेरिकेंतील अकादमीकडेच परत धाडली. २०२० सालीं त्या निवर्तल्या. ज्या बाईंनीं आयुष्यभर शेंकडों पात्रांना नेसविलें, त्यांनाही आपल्या पश्चात् हें कोण सांभाळील, हा घोर होताच. मग आम्हां सामान्यांचें काय!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलीला सांगितलें तें असें: पेटींत ठेवून विसरलें तर खरोखरच कसर खाईल. लुगडें दर तीन-चार महिन्यांनीं बाहेर काढावें, सावलींत वारा द्यावा, आणि घडी जुन्या मोडीवर न घालतां नव्या ठिकाणीं घालावी. कापड प्रथम मोडीवरच फाटतें. प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, धुतलेल्या सुती पंच्यांत गुंडाळावें. डांबराच्या गोळ्या कापडास लागूं देऊं नयेत. आणि अधूनमधून नेसावें. ती म्हणाली, "म्हणजे काम वाढलें." वाढलें खरें.

आजीच्या लुगड्याच्या कांठाचा एक तुकडा, वीतभर, आमच्याजवळ राहिला आहे. तो येथें दाराजवळच्या मेजावर, आलेल्या आठ लुगड्यांच्या शेजारीं मांडला आहे. घरीं जातांना अवश्य पाहावा. मात्र चहा घेऊन झाला असल्यास हात पुसून यावें.