"एरिया चांगला आहे ना?"



मी संगणकवाला माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो. आज मात्र स्वतःचीच एक चूक सांगायला उभा आहे.

न्यू जर्सीत आम्ही घर शोधत होतो. एजंटबाई बोलायला फार गोड. त्यांना बजेट सांगितलं, स्टेशन जवळ हवं म्हटलं. सहा शनिवार फिरलो, पण प्रत्येक घर देशी वस्तीत! "इथे तुमची माणसं आहेत, देऊळही जवळ," त्या म्हणायच्या. आम्ही खूश. दीड वर्षाने ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याकडून कळलं, की त्याच बाईंनी तेवढ्याच बजेटमध्ये त्याला शेजारच्या गावातली घरं दाखवली होती. आमच्यापुढे त्या गावाचं नावही निघालं नव्हतं.

याला इथे 'स्टिअरिंग' म्हणतात. तोंडावर दार कुणी लावत नाही, हसतहसत गाडी वळवतात. १९६८च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टनुसार हे बेकायदेशीर आहे. तरीही 'न्यूजडे' या वृत्तपत्राने लाँग आयलंडच्या एजंटांकडे गोरे आणि बिगर-गोरे ग्राहक पाठवून केलेली पाहणी २०१९मध्ये छापली, तेव्हा काय दिसलं? कृष्णवर्णीयांना ४९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि आपल्यासारख्या आशियाईंना १९ टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाली होती.

आता माझी चूक. पहिल्याच भेटीत मीच विचारलं होतं, "एरिया चांगला आहे ना? लोक कसे आहेत?" एका गावाबद्दल बाई म्हणाल्या, "तिथे तुम्हाला आवडणार नाही." मी "का?" असंही विचारलं नाही. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबं जास्त आहेत, हे मला माहीत होतं. पुण्यात बाबा वरची खोली भाड्याने द्यायचे, तेव्हा पहिला प्रश्न आडनावाचाच असायचा. तेव्हाही मी शेजारी गप्प उभा असायचो.

तेव्हा मंडळी, एजंटला शाळा, कर, प्रवास जरूर विचारा. 'लोक कसे' हे विचारू नका. गावांची यादी स्वतः करा. शंका आली तर तारखा, पत्ते, बोलणं लिहून ठेवा. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करायला एक वर्षाची मुदत असते. मला जाग आली तेव्हा ती टळून गेली होती.

आणि उद्या आपलं घर विकायची वेळ येईल, तेव्हा दारात कोण उभं आहे ते न बघता दार उघडा. निदान तेवढं तरी आपल्या हातात आहे.